बेचाळीस किलोमीटरची हुंडी

मॅरेथॉन धावायला निघालेल्या माणसाला एक गोष्ट कुणीतरी आधी सांगायला हवी. ती ही की, या शर्यतीचा मूळपुरुष शर्यत संपताक्षणी मेला. निदान दंतकथा तरी तशी आहे. इसवी सनापूर्वी ४९० साली मॅरेथॉनच्या मैदानावर अथेन्सवाल्यांनी इराणी फौजेचा पराभव केला, फिडिपिडीस नावाचा जासूद ती बातमी घेऊन अथेन्सपर्यंत धावत गेला, "जिंकलो" एवढं म्हणाला आणि कोसळला. ज्या खेळाचा आरंभ असा, त्या खेळात भाग घ्यायला माणसं स्वतःच्या खिशातून पैसे भरतात. यावरून मनुष्यस्वभावाबद्दल ज्याला जो बोध घ्यायचा तो त्याने घ्यावा.

गंमत अशी की, त्या काळाला सगळ्यांत जवळचा इतिहासकार हिरोडोटस. त्याच्या ग्रंथात हे मरण नाहीच. त्याचा जासूद लढाईच्या आधी मदत मागायला अथेन्सहून स्पार्टाला गेला. अंतर सुमारे २४० किलोमीटर. निघाला त्याच्या दुसऱ्या दिवशी पोचला. स्पार्टावाल्यांनी निरोप शांतपणे ऐकून घेतला आणि सांगितलं, मदत करायची इच्छा पुष्कळ आहे, पण पौर्णिमेपर्यंत आम्हाला निघता येत नाही. कुठल्याही कचेरीत काम घेऊन गेलेल्या माणसाला हे उत्तर ओळखीचं वाटेल. अथेन्सला धावत जाऊन मरण्याची कथा आली ती सुमारे सहाशे वर्षांनंतरच्या लेखकांच्या ग्रंथांतून. १८७९ साली ब्राउनिंग या इंग्रज कवीने तिच्यावर कविता केली, आणि १८९६ साली अथेन्सला पहिलं आधुनिक ऑलिंपिक भरलं तेव्हा मिशेल ब्रेआल नावाच्या फ्रेंच भाषापंडिताच्या सूचनेवरून ही शर्यत ठेवली गेली. म्हणजे कल्पना कवीची आणि सूचना व्याकरणवाल्याची. धावणाऱ्याला कुणी विचारलेलंच दिसत नाही.

मी बँकेत कारकून आहे. कॉमर्सचा पदवीधर आहे. त्यामुळे या कथेतली मला खटकणारी गोष्ट वेगळी आहे. जो जासूद निरोप पोचवून जागच्या जागी मरतो, त्याच्याकडून पोच कशी आणायची? व्यवहार पुरा झाल्याची सही कुणाची घ्यायची? आणि दुसऱ्या दिवशीची डाक कोण नेणार?

आपल्याकडे या गोष्टीचा विचार जास्त पक्का झालेला होता. मराठी कागदपत्रांत जासूद आहेत, हरकारे आहेत आणि कासीद आहेत. कासिदाच्या मजुरीला अजुरा म्हणत. ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात अशा एका कासिदाची हकीकत आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपत झालं. नानासाहेब पेशवे मदतीची फौज घेऊन नर्मदेच्या बाजूला आलेले होते. त्यांना ती भयंकर बातमी प्रथम कळली ती सरकारी जासुदाकडून नव्हे, तर सावकारांच्या कासिदाकडून. सावकाराचं पत्र घेऊन तो पानिपताहून औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, निघाला होता, वाटेत फौजेला भेटला आणि पेशव्यांनी पत्र फोडलं. पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. मला त्यातला लहानसा तपशील महत्त्वाचा वाटतो. त्या कासिदाशी करार होता नऊ दिवसांत औरंगाबाद गाठण्याचा!

नकाशावर पट्टी ठेवून सरळ रेषा काढली, तरी हे अंतर हजार किलोमीटरच्या वर भरतं. भागिले नऊ. म्हणजे दिवसाला एकशेदहाहून जास्त किलोमीटरचा हिशेब झाला. आज ज्याला धावणारी मंडळी 'गोल पेस' म्हणतात, म्हणजे अमुक वेळेत पोचायचं म्हणून दर किलोमीटरला किती मिनिटं ते आधीच ठरवून निघायचं, ती वस्तू अमेरिकेतून बुटांच्या खोक्यात घालून आलेली नाही. ती आमच्या सावकारी धंद्यात पूर्वीपासून होती. हुंडीला जशी मुदत, तशी कासिदाला. आणि मुदत देणारा सावकार चांगला ओळखून होता, की नऊ दिवस म्हणजे पहिल्या दिवशी दोनशे किलोमीटर पळून उरलेले आठ दिवस झाडाखाली पडायचं असं नव्हे.

आता माझ्याविषयी. मी अलिबागेस राहतो. वय शेहेचाळीस. गेल्या वर्षी रक्त तपासलं तेव्हा साखर जरा वर निघाली. डॉक्टर म्हणाले, "चालत जा." मी चालू लागलो. तीन महिन्यांनी म्हणाले, "थोडं धावलात तरी हरकत नाही." डॉक्टरांना 'थोडं' म्हणजे बस पकडण्यापुरतं अभिप्रेत असावं. पण कारकुनाला एकदा खातं उघडून दिलं की तो त्यात रोज काहीतरी जमा करत राहतो. दोनाचे चार झाले, चाराचे आठ झाले आणि एके दिवशी मी घरी जाहीर केलं, की येत्या जानेवारीत मुंबईची मॅरेथॉन धावणार. आमच्या सौ.नी कढीला फोडणी देता देता विचारलं, "पूर्ण?" मी म्हटलं, "पूर्ण." त्या म्हणाल्या, "विम्याचे कागद कपाटात कुठे ठेवलेत तेवढं सांगून ठेवा." फिडिपिडीसची कथा त्यांनाही माहीत होती असं दिसतं.

रायगडच्या किनाऱ्यावर धावण्याचं वेळापत्रक माणूस ठरवत नाही, चंद्र ठरवतो. ओहोटीला वाळू घट्ट असते आणि पाय रुतत नाहीत. भरतीला किनाराच शिल्लक राहत नाही. आमच्याकडे जुना हिशेब आहे, की तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठ पाऊणे सहा. म्हणजे पहाटे सहाला समुद्र अगदी सुरूच्या झाडांपर्यंत आलेला. त्या दिवशी रस्त्यावर धावायचं. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. म्हणजे पहाटे पाचाच्या सुमारास पाणी पार मागे गेलेलं आणि कुलाबा किल्ल्यापर्यंत पायी जाता येईल इतकी वाळू उघडी. स्पार्टावाले पौर्णिमेसाठी का अडून बसले होते, ते मला या किनाऱ्यावर समजलं. त्यांनाही कुणीतरी वाळूबद्दल सांगितलेलं असणार.

रस्त्यावर धावण्यात निराळे प्रश्न असतात. पहाटे नागावच्या वाटेवर मासळीची पाटी डोक्यावर घेतलेल्या कोळणी भेटतात. त्यांतल्या एका मावशींनी पहिल्या आठवड्यात थांबून विचारलं, "काय रे बाबा, यष्टी चुकली काय?" आता रोज फक्त हात करतात. त्यांच्या डोक्यावर ओझं आहे, पायांत साध्या चपला आहेत आणि वेग पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखा आहे. माझ्या हातातल्या घड्याळात उपग्रहाकडून आलेला वेग दिसतो. तो दर मिनिटाला बदलतो. मावशींचा बदलत नाही.

अंतराचं म्हणाल तर तेही सुरुवातीला ठरलेलं नव्हतं. १८९६ साली अथेन्सला शर्यत सुमारे ४० किलोमीटरची होती. अलिबागेहून मांडव्याच्या धक्क्यापर्यंत जाऊन लाँच न पकडता परत आलात, तर साधारण तितकी होते. १९०८ साली लंडनला शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून सुरू करून स्टेडियमात राजघराण्याच्या आसनांसमोर संपवायची ठरली. ते अंतर २६ मैल ३८५ यार्ड भरलं. म्हणजे ४२.१९५ किलोमीटर. हेच पुढे १९२१ साली कायम झालं. आज जगभर लाखो माणसं शेवटचे ते १९५ मीटर पाय ओढत जातात, त्यांच्या वेदनेचा आकडा असा एका राजघराण्याच्या सोयीने ठरला. सरकारी परिपत्रकं याहून वेगळ्या रीतीने निघतात असं मला वाटत नाही.

माझी खरी अडचण मात्र अंतराची नव्हती, अर्जातल्या एका रकान्याची होती. 'अपेक्षित वेळ.' आयुष्यभर लोकांचे अर्ज तपासले. 'हा रकाना रिकामा का?' म्हणून गिऱ्हाइकांना काउंटरवरून परत पाठवलं. आता माझाच रकाना रिकामा! बँकेत सर्वांनी मदतीचा हात पुढे केला. नव्याने लागलेले तरुण ऑफिसर साहेब म्हणाले, "चार तास लिहा हो. त्याखाली सांगायला लाज वाटते." चार तास म्हणजे किलोमीटरला पाच मिनिटं एकेचाळीस सेकंद. हेडकॅशियर म्हणाले, "साडेचार लिहा. आकडा कसा गोल दिसतो." ते स्वतः जिना चढत नाहीत. शेजारचे निवृत्त गुरुजी म्हणाले, "तुम्ही वेळ कशाला लिहिता? श्रद्धेने धावा." यांतला शेवटचा सल्ला फार चांगला होता, पण तो रकान्यात मावत नव्हता.

घड्याळाशी आपली ही ओळख तशी नवीनच. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा होते. १९१९ सालच्या तिथल्या सामन्यांत त्यांनी लांब पल्ल्याची शर्यत पाहिली. धावणारे बरेचसे शेतकरी आणि तेही अनवाणी. त्यांची वेळ पाहून टाटांना वाटलं, की ही माणसं युरोपात उभी राहू शकतील. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्याकडे शब्द टाकला आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला संघ पाठवायचं ठरलं. या तयारीतला एक किस्सा नमूद आहे. जिमखान्याच्या एका मोठ्या सभासदांना विचारलं, शंभर मीटरला साधारण वेळ किती लागावा? ते म्हणाले, एक-दोन मिनिटं. हा प्रश्न मिनिटांचा नसून सेकंदांचा आहे, असं सांगितल्यावर ते थक्क झाले. त्यांना हसावंसं वाटतं खरं, पण मला त्या गृहस्थांविषयी आपुलकी आहे. शंभर मीटर दोन मिनिटांत, म्हणजे किलोमीटर वीस मिनिटांत. शेतकऱ्यांची नव्हे, पण सभासदांची ती अगदी खरी गोल पेस असणार.

त्या संघातून मॅरेथॉन धावायला दोघे उभे राहिले. बेळगावकडचे फडेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार. २२ ऑगस्ट १९२० चा दिवस. अंतर अजून कायम झालेलं नव्हतं, त्यामुळे अँटवर्पला शर्यत ४२.७५० किलोमीटरची होती. ऑलिंपिकमधली ती सगळ्यांत लांब मॅरेथॉन. दातारांची शर्यत पुरी झाली नाही. चौगुले एकोणिसावे आले. वेळ २ तास ५० मिनिटं ४५ सेकंद.

मी आकडेमोड करणारा माणूस. हा आकडा वाचल्यावर मी पाठकोऱ्या कागदावर भागाकार केला. किलोमीटरला चार मिनिटं. जवळजवळ नेमकी चार! पहिला आलेला फिनलंडचा कोलेहमाइनेन त्यांच्या अठरा मिनिटं पुढे होता हे खरं. पण १८९६ साली अथेन्सला पहिला आलेला स्पिरिडॉन लुइस याची वेळ होती २ तास ५८ मिनिटं ५० सेकंद, आणि तीही ४० किलोमीटरला. चौगुले पावणेतीन किलोमीटर जास्त धावून आठ मिनिटं आधी पोचले. चोवीस वर्षांपूर्वीच्या त्या शर्यतीत ही चाल असती, तर बेळगावकडच्या माणसाची कथा आज ग्रीसमध्ये शाळकरी पोरं पाठ करत असती. एकोणिसावा हा आकडा आपल्या लक्षात राहत नाही. तो राहावा असं मला वाटतं. साहेबाच्या देशातून पुढे परमुलखात जाऊन, अनोळखी रस्त्यावर, पहिल्याच खेपेला ज्याने किलोमीटरला चार मिनिटांची हुंडी लिहिली आणि शेवटच्या पैपर्यंत वटवली, तो माणूस आपल्या खात्यात जमेच्या बाजूला आहे. आणि दातारही जमेच्याच बाजूला. उभं राहिल्याशिवाय माघार घेता येत नाही.

दुसऱ्याला विचारून वेग ठरवण्याचा प्रकार काय होतो, याचा दाखला १९५२ सालच्या हेलसिंकीत आहे. आपले खाशाबा जाधव कुस्तीतलं कांस्यपदक घेऊन आले तेच ऑलिंपिक. चेकोस्लोव्हाकियाचा एमिल झाटोपेक पाच हजार आणि दहा हजार मीटर जिंकून आयुष्यातल्या पहिल्या मॅरेथॉनला उभा राहिला. सांगतात ते असं, की अनुभवी म्हणून तो इंग्लंडच्या जिम पीटर्सच्या शेजारून धावू लागला आणि थोड्या वेळाने त्याने विचारलं, "आपण फार वेगात चाललोय का?" पीटर्सने त्याला बनवायला म्हणून सांगितलं, "छे, फार हळू." झाटोपेक भोळेपणाने पुढे निघून गेला आणि २ तास २३ मिनिटं ३ सेकंदांत जिंकला. पीटर्सला शर्यत अर्ध्यावर सोडावी लागली. तात्पर्य, सल्ला विचारणारा झाटोपेक असेल तर ठीक. आमच्या शाखेत झाटोपेक नाही.

तेव्हा मी शाखेतून बाहेर पडलो आणि वेधशाळेजवळून चालू लागलो. अलिबागची ही चुंबकीय वेधशाळा १९०४ सालची. त्याआधी पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापं मुंबईत कुलाब्याला होत. मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम यायच्या ठरल्या, तेव्हा त्यांच्यामुळे सुया हलतील म्हणून डॉक्टर मूस यांनी वेधशाळा समुद्रापलीकडे इथे आणली. इमारतीत लोखंड वापरलं नाही. आणि मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट म्हणजे कुलाबा आणि अलिबाग या दोन्ही ठिकाणी १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं एकदमच नोंदी घेतल्या. जुन्या आणि नव्या वहीचा ताळमेळ बसल्यावरच नवी वही चालू. याला म्हणतात कारकुनी! चार तास, साडेचार तास हे सगळे ट्रामचे आवाज. आपली सुई कुठे थांबते ते ट्रामपासून लांब जाऊन पाहावं.

म्हणून एका रविवारी चौलच्या रस्त्याने रेवदंड्यापर्यंत गेलो, आगरकोटाच्या भिंतीजवळ पाणी प्यायलो आणि परत फिरून २१ किलोमीटर पुरे होईपर्यंत धावलो. वेळ दोन तास अठ्ठावीस मिनिटं. अर्ध्या अंतरावरून पूर्ण अंतराचा अंदाज बांधायला पीटर रीगल नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने १९७७ साली एक सूत्र मांडलं आहे. सोपं करून सांगायचं तर अर्ध्याची दुप्पट करायची आणि वर सुमारे सव्वाचार टक्के चढवायचे. आमच्याकडे याला व्याज म्हणतात. गणित करून उत्तर आलं पाच तास आठ-नऊ मिनिटं.

हे व्याज का, तेही समजून घेतलं. यकृतात आणि स्नायूंत शरीराने साखर साठवून ठेवलेली असते. ती साधारण तीस-बत्तीस किलोमीटरपर्यंत पुरते. सुरुवातीला वेग वाढवला की ती जास्त खर्च होते. ती संपली की शरीर चरबी मोडायला काढतं. चरबी म्हणजे मुदत ठेव. आहे भरपूर, पण हातात लवकर पडत नाही. पहिल्या दहा किलोमीटरमध्ये वाचवलेली पाच मिनिटं शेवटच्या दहात पंधरा-वीस होऊन वसूल केली जातात. एवढा दर पूर्वी गावातला सावकारही लावत नव्हता. ज्या साखरेसाठी डॉक्टरांनी मला चालायला पाठवलं, तीच साखर पुरवून पुरवून वापरण्याची वेळ आली, हा नियतीचा विनोद मी घरी सांगितला. सौ. म्हणाल्या, "मग आजपासून चहात अर्धाच चमचा."

शेवटी रकाना भरला. जानेवारीतसुद्धा मुंबईची हवा दमट, सूर्य सातनंतर चढायला लागतो आणि आपली पहिलीच खेप. म्हणून थोडी मुदत जास्त धरली आणि लिहिलं, पाच तास पंधरा मिनिटं. किलोमीटरला सात मिनिटं अठ्ठावीस सेकंद. तरुण साहेबांनी अर्जाची प्रत पाहिली आणि खांदे उडवले. हेडकॅशियर म्हणाले, "आकडा गोल नाही." मी म्हटलं, "साहेब, शिल्लक कधी गोल असते का?" तीस वर्षं रोज रोकड जुळवलेला माणूस. त्यांना लगेच पटलं.

आता रोज पहाटे तिथीची पाऊणपट काढतो आणि निघतो. पहिला किलोमीटर कितीही हलका वाटला तरी सात अठ्ठावीस. वरसोलीची कुत्री मागे लागली तरी सात अठ्ठावीस, कारण आता तीसुद्धा त्याच वेगाने मागे लागतात. कधी मुरूडच्या बाजूला एस.टी.ने जाणं झालं, तर वाटेत काशीद नावाचं गाव लागतं. आज तिथे पांढऱ्या वाळूवर पर्यटक घोड्यावर बसून फोटो काढतात. गावाचं नाव आमच्या कासिदावरून पडलं असं म्हणण्याइतका माझा अभ्यास नाही आणि धाडसही नाही. पण ते नाव खिडकीतून वाचलं की मी बसल्या जागी घड्याळ पाहतो. दातारांसारखं अर्ध्यात थांबणं माझ्याही नशिबी असू शकतं, हे मनाशी धरलेलं आहे. पण हुंडी लिहिली आहे ती शिल्लक पाहून लिहिली आहे. मुदत जानेवारीची आहे. आणि सौ.ना सांगून ठेवलं आहे, की शर्यत रविवारी असली तरी सोमवारची रजा टाकलेली नाही. डाक दुसऱ्या दिवशीही असते.